सोबत तीन कागद

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा सोलापुरात विडी कामगारांच्या युनियनचं काम करायचे. मोर्चा जवळ आला की घरात गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कागदांचे गठ्ठे येऊन पडायचे, आणि मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवर बसून. बाबांचा एक नियम होता. पत्रक एका कागदाचं. हवं तर पाठपोट छापा, पण दुसरा कागद जोडायचा नाही. चौकात उभा असलेला माणूस दुसरा कागद उलटत नाही, असं ते म्हणायचे. हा नियम मी अमेरिकेत येताना सोबत घेऊन आले, हे मला इथे येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात मी एका निवृत्त डॉक्टरांच्या घरात वरच्या खोलीत राहते. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला मी काका-काकू म्हणते. इथले सगळेच मराठी लोक म्हणतात. मी विद्यापीठात इतिहास शिकते आणि आठवड्यातले काही तास तिथल्या ग्रंथालयात काम करते. तळघरात एक यंत्र आहे. त्यावर जुन्या मायक्रोफिल्मची रिळं चढवायची, एकेक पान स्कॅन करायचं आणि पान सरळ आलं की नाही ते पाहायचं, हे माझं काम. गेल्या हिवाळ्यापासून माझ्याकडे जी रिळं आली ती मुंबई सरकार आणि लंडनचं भारत खातं यांच्यातल्या पत्रव्यवहाराची होती.

त्या पत्रांचा मला फार राग यायचा. त्यांत कुणी कधी आवाज चढवत नाही. प्रत्येक परिच्छेदाला आकडा, समासाला अर्धं पान कोरं, आणि शेवटी आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक होण्याचा मान मिळाल्याबद्दल आभार. मधल्या पानांत एखाद्या तालुक्याचं सगळं जंगल लोकांना बंद झालेलं असतं. मी ते वाचून यंत्र बंद करायची, बाहेर जाऊन दोन फेऱ्या मारायची आणि परत येऊन पुढचं पान लावायची.

हे मी एकदा जेवताना काकांना सांगितलं. काका नेहमी माझ्या संतापाची थोडी थट्टा करायचे. ‘व्हिक्टोरिया राणीला नोटीस पाठवलीस की नाही अजून?’ असं विचारायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी घास खाली ठेवला आणि जंगलाची पत्रं कुठल्या भागातली आहेत, असं विचारलं. मी ठाणे जिल्हा म्हणाले. त्यांनी एका गावाचं नाव घेतलं.

‘एवढ्या खालचं गाव लंडनच्या पत्रात कशाला येईल?’ मी म्हणाले.

‘आलं असेल,’ काका म्हणाले. ‘आमच्या पणजोबांनी ते जंगल लिहून दिलं, असं गाव म्हणतं.’

काकांचं मूळ गाव डोंगराच्या पायथ्याशी. तिथे भात पिकतं. पेरणीच्या आधी जंगलातून फांद्या आणि पालापाचोळा आणून जमिनीवर पसरायचा आणि जाळायचा, मग त्या भाजलेल्या जमिनीत रोपं करायची. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोपं नाहीत. काकांचे पणजोबा गावचे तलाठी होते. सरकारने जंगल बंद केलं तेव्हा तलाठ्याने गावातर्फे लेखी संमती दिली, आणि त्याचं बक्षीस म्हणून जंगल खात्यात नोकरी घेतली, असं गावाने धरलं. घर गाव सोडून तालुक्याला गेलं. मुलं शिकली, नातवंडं शिकली, काका डॉक्टर झाले. गावात त्यांच्या घराला आजही ‘लिहून देणाऱ्यांचं घर’ म्हणतात.

‘नारळाचं सांगा की तिला,’ काकू म्हणाल्या.

काका सांगेनात, तेव्हा काकूंनीच सांगितलं. लग्न होऊन दोन महिने झाले होते. अमेरिकेला निघायच्या आधी दोघं गावदेवीच्या जत्रेला गेले. तिथला गुरव प्रत्येक घराचा नारळ देवीपुढे फोडतो आणि एक वाटी परत देतो. यांचा नारळ त्याने ओवाळला आणि आख्खाच परत हातात ठेवला. रागाने नाही, शांतपणे. तसाच रिवाज होता. काकांच्या वडिलांच्या वेळीही तेच होत आलं होतं, पण नव्या सुनेला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

‘तुझे काका चार दिवस तो नारळ टेबलावर ठेवून बसले होते,’ काकू म्हणाल्या. ‘शेवटी मी फोडला आणि सोलकढी केली. म्हटलं, देवीला नको तर आपल्याला चालेल.’

काका हसले नाहीत. ‘आय ॲम सेव्हन्टी-एट,’ ते मला म्हणाले. ‘माझं हार्ट कसं आहे ते मला कुठल्या डॉक्टरने सांगायला नको. येत्या जत्रेला आम्ही जाणार आहोत आणि ते जाणं शेवटचंच. त्याआधी मला एवढंच कळू दे, त्यांनी लिहून दिलं होतं का नाही. दिलं असेल तर मी गावाची माफी मागेन. नसेल तर तेही सांगेन.’

मी शोधते म्हणाले. मला तेव्हा वाटलं होतं, काकांना सत्य हवं आहे आणि सत्य सांगण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

पाच आठवडे लागले. लंडनच्या पार्लमेंटात कुणीतरी प्रश्न विचारला होता की जंगलं बंद केल्याने कोकणातल्या भातशेतकऱ्यांचे हाल होत आहेत का. तो प्रश्न भारत खात्याने मुंबईला पाठवला. मुंबईने कलेक्टरला विचारलं, कलेक्टरने मामलेदाराला, मामलेदाराने तलाठ्यांना. मग उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढलं आणि आगबोटीने लंडनला गेलं. त्या उत्तराच्या अकराव्या परिच्छेदात काकांचं गाव होतं. त्या गावच्या तलाठ्याने लेखी कळवलं आहे की लोकांची हरकत नाही, असं त्यात म्हटलं होतं. नाव नव्हतं, हुद्दा होता. गाव मात्र स्पष्ट होतं.

मी ते पान छापून घेतलं. रविवारी सकाळी खाली उतरले तेव्हा काकू पोहे परतत होत्या आणि काका कोथिंबीर निवडत होते.

‘काका, सापडलं,’ मी म्हणाले. ‘त्यांनी लिहून दिलं होतं.’

काकूंनी गॅस बारीक केला.

‘नक्की?’

‘परिच्छेद अकरा. गावाचं नाव आहे.’ मी कागद ओट्यावर ठेवला. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. गोरे अधिकारी जिल्ह्यात असून असून किती असतील, मी म्हणाले, राज्य चाललं ते अशा लेखी संमत्यांवर. आपल्याच माणसांनी दौत पुढे केली म्हणून त्यांची लेखणी चालली. मी बराच वेळ बोलले. चौकात बोलतात तसं.

‘अगं, पोहे खा आधी,’ काकू म्हणाल्या.

काकांनी पान दोनदा वाचलं. मग त्यांनी हात धुतले आणि ते बाहेर गेले. वसंत लागला होता. इथे त्या दिवसांत पाइनचा पिवळा पराग सगळीकडे बसतो, गाडीवर, पायऱ्यांवर, पत्रपेटीवर. काका पाण्याचा पाइप घेऊन अंगण धूत राहिले. धुवून झाल्यावरही धूत राहिले. खिडकीतून मला ते दिसत होते आणि मी पोहे खात होते. खरं बोलल्याचं समाधान मला होतं, हे इथे लिहिलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पत्र लिहिलं. गावच्या ग्रामपंचायतीला आणि देवस्थानच्या मंडळींना, कागदाच्या एका बाजूवर, सरळ अक्षरात. ते घेऊन ते जिन्यापाशी आले आणि खालूनच त्यांनी मला हाक मारली.

‘तुला पत्रकं लिहिता येतात ना? बघ जरा. माझं मराठी गंजलंय.’

पत्र चांगलं होतं. आमच्या पणजोबांच्या हातून चूक झाली, तिचे परिणाम गावाने भोगले, घरातला वडीलधारा म्हणून मी माफी मागतो, असं त्यात होतं. मी पेन्सिल घेतली आणि ‘चूक’ खोडून वर ‘विश्वासघात’ लिहिलं. काका माझ्या हाताकडे बघत होते.

‘जड नाही होत?’ त्यांनी विचारलं.

‘काका, माफी मागायची तर पुरती मागावी.’

‘बरं. तुला तसं वाटतं तर तसं.’ आणि त्यांनी अख्खं पत्र पुन्हा स्वच्छ उतरवून काढलं. ‘विश्वासघात’ त्यांच्या अक्षरात कसा दिसतो ते मी पाहिलं. तरीही मला काही टोचलं नाही.

पत्रामागोमाग पुरावा म्हणून रिळाचा क्रमांकही कळवावा, असं माझ्याच मनात आलं. मंगळवारी मी तेवढ्यासाठी ते रीळ परत लावलं. अकरावा परिच्छेद शोधला. या वेळी माझी नजर समासाकडे गेली. तिथे लंडनमधल्या कुण्या कारकुनाने पेन्सिलीने बारीक खूण केली होती आणि शेजारी एक आकडा लिहिला होता. तो सोबतच्या कागदांपैकी एकाचा क्रमांक होता.

सोबतचे कागद. प्रत्येक पत्राच्या शेवटी त्यांची यादी असते. ती मी शंभरदा पाहिली होती, पण ते कागद मी कधी वाचले नव्हते. ते पत्रांबरोबर बांधलेले नसत. त्यांचे वेगळे खंड होते, आणि म्हणून वेगळी रिळं, माझ्या मागच्या कपाटात, स्कॅनिंगसाठी नंबर न लागलेली. मी पत्र वाचलं आणि झालं असं समजले. माझ्या दृष्टीने कागद एकच असतो.

तलाठ्याचं निवेदन दीड पानाचं होतं. इंग्रजी तर्जुम्याची नक्कल. राबाशिवाय रोपं होत नाहीत, हे त्याने पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. बंद केलेल्या भागातून किती घरं राब आणत होती, आता बायकांना दुसऱ्या गावच्या रानात किती लांब जावं लागतं, तिथे त्यांना कसं हुसकून देतात, हे एकेक करून लिहिलं होतं. जंगल पुन्हा खुलं करावं अशी विनंती होती. आणि शेवटी, अर्ज संपवताना लिहितात तशी एक ओळ होती की सरकार जो हुकूम करील तो रयत पाळील. मुंबईने बाकीचं सगळं सोडलं होतं आणि त्या ओळीतून लोकांची हरकत नाही असं काढलं होतं.

मी घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता. काका ते पत्र आज टाकणार होते. इथे पत्र टाकायला कुठे जावं लागत नाही. घरासमोरच्या पेटीत ठेवायचं आणि पेटीच्या बाजूचा लाल पत्र्याचा झेंडा वर करायचा, म्हणजे टपालवाला येता येता घेऊन जातो. आमच्याकडे तो एकच्या सुमाराला येतो.

फोन काकूंनी उचलला.

‘काकू, पत्र गेलं का?’

‘पेटीत आहे. झेंडा यांनी सकाळीच वर केलाय. का गं?’

‘काढून आणा. आत्ता. मी चुकले.’

त्यांनी काहीही विचारलं नाही. फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. ‘आणलं. गाडी कोपऱ्यावरच होती. टपालवाल्याने मला हात केला, मी पण केला. आता सांग.’

मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, ‘यांना तू येऊन सांग. कागद घेऊन ये.’

कागद गोळा करताना मला पुढचंही सापडलं. लंडनने मुंबईला विचारलं होतं की निवेदन आणि अकरावा परिच्छेद यांचा मेळ कसा बसतो. एवढं तरी कुणीतरी पाहिलं होतं, आणि मला त्या अनोळखी कारकुनाबद्दल क्षणभर आपुलकी वाटली. मुंबईचं उत्तर काही महिन्यांनी गेलं. पहिल्या पानावर होतं की हद्दीचे खांब रोवून झाले आहेत आणि आता प्रकरण उघडणं गैरसोयीचं होईल. दुसऱ्या पानावर होतं की सदर तलाठ्याने मध्यंतरी जंगल खात्याच्या कचेरीत कारकुनाची जागा स्वीकारली आहे, त्यावरून त्याचं समाधान झालं असल्याचं दिसतं. लंडनने मग काही विचारलं नाही.

म्हणजे नोकरी खरी होती.

मी पहिलं पान छापलं. दुसरंही छापलं, पण ते वेगळं ठेवलं, पिशवीच्या आतल्या कप्प्यात. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते की काकांना मी अगोदरच पुष्कळ दुखवलं आहे. माझ्याकडे आता एक चांगला माणूस होता, ज्याने खरं लिहिलं आणि ज्याचं लिहिणं वरच्यांनी फिरवलं. तो एका कागदात बरोबर मावत होता.

काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. काढून आणलेलं पाकीट समोर होतं. त्यांनी निवेदन बोटाखाली धरून वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसला, परत घातला आणि परत पहिल्या ओळीपासून वाचलं.

‘त्यांची सही कुठे आहे?’

‘ही नक्कल आहे, काका. सही मराठीत आहे, असं फक्त नक्कल करणाऱ्याने लिहिलंय.’

‘अक्षर बघायला मिळालं असतं तर,’ ते म्हणाले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी मुंबईचं उत्तर हातात घेतलं. ते डॉक्टर होते, रिपोर्ट वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी पान उलटून पाहिलं, मागे कोरं होतं.

‘याचं दुसरं पान?’

माझा हात पिशवीवर गेला.

‘वाक्य अर्धं आहे,’ काका म्हणाले. ‘खाली सहीपण नाही.’

मी पिशवी उघडली आणि दुसरं पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी ते वाचलं आणि काकूंकडे सरकवलं. कुणीच मला रागावलं नाही. ते फार जड गेलं.

‘गावाने हे पाहिलं,’ काका शेवटी म्हणाले. ‘जंगल बंद झालं आणि तलाठी जंगल खात्यात गेला. निवेदन त्यांना कुणी दाखवलं? खालून वर गेलेला कागद खाली थोडाच परत येतो.’

‘आणि पणजोबांनी तरी मुंबईचं पत्र कुठे पाहिलं असेल?’ मी म्हणाले. ‘आपण लिहिलेलं कसं फिरवलं, हे त्यांना कळलंही नसेल.’

‘जंगल बंद झालेलं तर कळलं होतं,’ काका म्हणाले. ‘तरी जागा घेतली.’

या दोन वाक्यांच्या पुढे आम्हाला जाता आलं नाही. पणजोबांना चार मुलं होती की दोन, मामलेदाराने दम दिला होता की गोड बोलून बोलावलं होतं, कागदात काही नाही. माझ्या सगळ्या पत्रकांत अशा माणसाला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना फोन केला. सोलापुरात संध्याकाळ होती. मी सगळं सांगितलं, ‘विश्वासघात’ हा शब्द कुणाचा तेही.

‘मोर्च्याला माणसं बोलवायची असतील तर एक कागद पुरे,’ ते म्हणाले. ‘माणसाचा निकाल लावायचा असेल तर सगळे बघायचे असतात. हे मी तुला सांगितलं नव्हतं का?’

‘नाही.’

‘मग माझंही चुकलं,’ बाबा म्हणाले.

रविवारी काकांनी नवं पत्र लिहायला घेतलं. मुंबईच्या उत्तराचं दुसरं पान पाठवायचं का, हे त्यांनी मला नाही, काकूंना विचारलं.

‘पाठवा,’ काकू म्हणाल्या. ‘नाहीतर तुमच्यात आणि त्या मुंबईवाल्या साहेबात फरक काय? त्यानेही आपल्या सोयीचं तेवढंच वर पाठवलं.’

या वेळी मी पेन्सिल हातात घेतली नाही. फक्त तर्जुमा केला, काका सांगतील तिथे थांबत, आणि प्रत्येक कागदावर वर कोपऱ्यात आकडा घातला. एक, अकराव्या परिच्छेदाचं पान. दोन, निवेदन. तीन, मुंबईचं उत्तर, दोन्ही पानं. पत्रात माफीही नव्हती आणि बचावही नव्हता. आमच्या पणजोबांनी काय लिहिलं, ते वर जाताना काय झालं आणि नंतर त्यांनी काय केलं, हे तीन कागदांत आहे, ते चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावं, एवढंच काकांनी लिहिलं. शेवटी त्यांनी हात थांबवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि दोन ओळी आणखी घातल्या. येत्या जत्रेला आम्ही दोघं येत आहोत आणि नारळ आणू. तो फोडायचा की परत द्यायचा हे गावाने ठरवावं, जे ठरेल ते आम्हाला मान्य आहे.

काकूंनी ते वाचलं. ‘आणि नाही फोडला तर?’

काका पाकीट चिकटवत होते. ‘तर सोलकढी कर,’ ते म्हणाले.

सोमवारी सकाळी ते पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. मी बस पकडायला जाताना ते पेटीत ठेवलं. पत्र आणि सोबत तीन कागद, हे पाकीट बंद व्हायच्या आधी मी दोनदा मोजून पाहिलं होतं. झेंड्यावर पिवळा पराग बसला होता. तो मी बाहीने पुसला आणि झेंडा वर केला.